आक्काचा थेंब

दिवाळी होऊन आता चार महिने होतील, पण त्या रात्रीचं ते स्टूल माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. आईच्या पलंगाशेजारचं जुनं लाकडी स्टूल, एका पायाखाली कागदाची घडी दिलेलं. त्यावर तांब्या-भांडं, जपमाळ, चष्म्याचं घर आणि डोळ्यांत घालायच्या औषधाच्या दोन बाटल्या. एक आईची, एक मावशीची. दोन्ही पांढऱ्या, अंगठ्याएवढ्या, अंधुक उजेडात जुळ्या वाटाव्यात अशा. मी पाणी ठेवायला गेले होते. आई तीन उशा पाठीला लावून बसली होती. तोंड जरा उघडं, खांदे वर-खाली होत होते, मान मागे टाकलेली आणि हात डोळ्यावर धरलेला. त्या हातात जी बाटली होती, ती तिची नव्हती.

आईच्या बाटलीला हिरव्या लोकरीचा धागा बांधलेला असतो. तो मीच बांधलाय. या बाटलीला धागा नव्हता.

आई आणि मावशी दोघींनाही काचबिंदू आहे, बहुधा डोळ्याच्या आतल्या पाण्याचा दाब वाढून नजर हळूहळू जाते तो. आई एकाहत्तरची, मावशी शहात्तरची. मावशी आईची आक्का, म्हणून सगळ्या खानदानाचीच आक्का, मी मात्र मावशी म्हणते. ती गडहिंग्लजला, आम्ही पुण्यात. रोज रात्री साडेनऊला तिचा फोन येतो. आधी जेवण काय केलं, मग कोण गेलं, कुणाला मुलगी झाली, आणि शेवटी डोळे. "घातलंस का गं?" "घातलं. तुझं?" मग दोघी आपापल्या थेंबांबद्दल बोलतात. माझं जरा झोंबतं, तुझं झोंबतं का? माझे डोळे लाल होतात, तुझे? माझ्या पापण्या किती लांब झाल्यात म्हणून सांगू. साड्यांचा पोत जसा बोटांनी चाचपून सांगावा तसं त्या औषधाचं सांगायच्या. मी स्वयंपाकघरात ओटा पुसता पुसता ते ऐकायची आणि मला बरं वाटायचं. दोघींना एकच दुखणं आहे याचं वाईट वाटायला हवं, पण त्या दोघी त्याच्यावर इतक्या आपुलकीने बोलायच्या की वाईट वाटायचं राहून जायचं.

आईचा थेंब लॅटानोप्रोस्टचा, दिवसातून एकदाच, रात्री झोपताना. मावशीचा टिमोलॉलचा, ०.५ टक्के, सकाळ-संध्याकाळ. लॅटानोप्रोस्टने डोळ्यातलं पाणी बाहेर जायची एक वेगळी वाट मोकळी होते. टिमोलॉलने मुळात ते पाणी कमी तयार होतं. नळ बारीक करा नाहीतर मोरी साफ करा, पिंपातली पातळी उतरते ती दोन्हींनी. आईच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनीच हे आम्हाला अशा शब्दांत समजावलं होतं, आणि आईला ते मोरीचं लगेच पटलं होतं. तिचं दुखणं सापडलं तेव्हा डोळ्यांतला दाब २८ मिलीमीटर होता. साधारण १० ते २१ मध्ये असावा असं धरतात. लॅटानोप्रोस्ट सुरू केल्यावर तो १९ वर आला. या औषधाने दाब पाव ते एक तृतीयांश उतरतो, तसा तो उतरला. कागदावर सगळं चांगलं होतं. तक्रार एवढीच, की आईचे डोळे सतत तांबूस दिसायचे.

एरवी ती तक्रारही तिने गिळली असती. पण ती दिवाळी होती. घरात माणसं येत-जात होती, आणि प्रत्येक जण दारातच विचारायचं, "काय हो, बरं नाही का? रडलात का?" नरकचतुर्दशीला फराळाला आलेल्या शेजारच्या काकूंनी तर मला बाजूला घेऊन विचारलं, घरात काही झालंय का. आईच्या कानावर ते गेलं. सणासुदीला आपल्या घरात रडारड चालते असं लोकांना वाटावं, हे तिला फार लागलं. मावशी धनत्रयोदशीलाच आली होती. तिचे डोळे शंखासारखे पांढरेशुभ्र. त्या रात्री मावशीने आपली बाटली पुढे केली. "माझं घाल की. एवढे चार दिवस. दुखणं एकच तर आहे." आईने घातलं. मावशीची रीत म्हणून सकाळीही घातलं.

या दोघींनी आयुष्यभर सगळं असंच वाटून घेतलंय. एक छत्री दोघींत, एक पाटी दोघींत. आईच्या बाळंतपणात मावशी सव्वा महिना राहिली, मावशीच्या यजमानांच्या आजारपणात आईने आपल्या पाटल्या मोडल्या. मग थेंबानेच काय घोडं मारलंय?

आईला लहानपणापासून दमा आहे.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री तिला धाप लागायला लागली. आमच्या सोसायटीत त्या रात्री फटाक्यांचा धूर एवढा की समोरची इमारत दिसेना. खिडक्या लावल्या, फटींना ओले टॉवेल लावले, निळा पंप दिला. दर दिवाळीला थोडंफार असं होतंच, म्हणून मनात दुसरं काही आलं नाही. पण दर दिवाळीला दोन पंपांत छाती मोकळी होते. यंदा चार घेतले, सहा घेतले, उतार म्हणून पडेना. पाडव्याला बहुतेक दवाखाने बंद. एक उघडा सापडला. तिथल्या डॉक्टरांनी छाती तपासली, वाफ दिली, म्हणाले, धुराने झालंय, दोन दिवसांत बसेल. नाडी बघताना ते जरासे थांबले. ५८. दम लागलेल्या माणसाची नाडी पळत असते. त्यांनी विचारलं, "गोळ्या कोणत्या चालू आहेत?" मी घडाघडा सांगितल्या. थायरॉइडची सकाळी उपाशीपोटी, कोलेस्टेरॉलची रात्री, कॅल्शियम, पंप. त्यांनी लिहून घेतलं. डोळ्यांच्या थेंबांचं त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मला ते सुचलंच नाही, कारण डोळ्याचं औषध हे माझ्या लेखी औषधच नव्हतं. गुलाबपाण्याच्या जवळपासची काहीतरी गोष्ट होती ती.

हे मला छळतं. मी आईच्या गोळ्यांचा डबा वारांप्रमाणे भरते, प्रत्येक गोळीचं नाव मला पाठ आहे, आणि जे औषध तिला जन्मभर घ्यायचंय तेच मी मोजत नव्हते.

भाऊबीजेच्या रात्री स्टुलावर ती दुसरी बाटली दिसली आणि मी नुसतीच विचारलं, "हे कुणाचं?" आईने बोलायचा प्रयत्न केला, पण तिला एका दमात वाक्य पुरं करता येईना. मावशी दारातून म्हणाली, "माझं आहे. मीच दिलंय. तिचे डोळे बघ किती छान झालेत." खरंच झाले होते. चार दिवसांत तांबूसपणा गेला होता. मी डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. सणाच्या रात्री साडेदहाला त्यांनी उचलला, याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी राहीन. मी 'टिमोलॉल' म्हटलं आणि पलीकडून पहिला प्रश्न आला, "त्यांना दमा आहे ना?" दुसरं वाक्य, "आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला न्या, आणि तिथे गेल्याबरोबर हे सांगा."

थेंब डोळ्यात राहत नाही. हे मला त्या रात्री कळलं, हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून. पापणीच्या आतल्या कोपऱ्यात, नाकाच्या बाजूला, सुईच्या टोकाएवढं छिद्र असतं. अश्रू तिथून नाकात उतरतात, म्हणून तर रडताना नाक वाहतं. थेंबही त्याच वाटेने जातो आणि नाकाच्या अस्तरातून थेट रक्तात मिसळतो. पोटात घेतलेली गोळी आधी यकृतातून जाते, तिथे तिचा बराचसा जोर मोडतो. थेंबाला तो टोलनाका लागतच नाही. टिमोलॉल हे बीटा ब्लॉकर, हृदयाच्या काही गोळ्यांच्या घराण्यातलं. ते नाडी मंदावतं आणि श्वासनलिका आवळतं. त्यात गंमत नाही अशी गोष्ट म्हणजे, दम्याच्या निळ्या पंपातलं औषध ज्या कुलपांना लागून छाती मोकळी करतं, तीच कुलपं टिमोलॉलने आधीच अडवलेली असतात. म्हणून सहा पंप घेऊनही उपयोग झाला नव्हता. आम्ही किल्ली फिरवत होतो आणि आतून कडी होती.

आई तीन दिवसांनी घरी आली. ती ठीक आहे. हे आधी सांगायला हवं होतं, वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लागू नये.

मावशीचं मात्र काही ठीक नव्हतं. तिने त्या आठवड्यात जेवण टाकलं. "मी माझ्या हाताने दिलं गं तिला" एवढंच म्हणायची. मी तिची समजूत घालायला गेले आणि मलाच शब्द सापडेनात. कारण खरं सांगायचं तर त्या रात्री मला मावशीचा रागही आला होता. आणि राग आल्याची लाजही वाटत होती. शेवटी तीच बोलायला लागली, माझ्या आजीबद्दल.

आजीलाही काचबिंदूच होता. तेव्हा त्याला कोणी हे नाव घेत नव्हतं, 'डोळ्यांत पाणी चढलंय' म्हणायचे. ही १९६८-६९ ची गोष्ट, टिमोलॉल यायच्या दहा वर्षं आधीची. तेव्हा पायलोकार्पिन होतं. ब्राझीलकडच्या जॅबोरँडी नावाच्या झुडपाच्या पानांतून काढलेलं, १८७० च्या दशकापासून डोळ्यांत घालत आलेलं. तालुक्याच्या डॉक्टरांनी काचेची बाटली दिली होती, रबरी ड्रॉपरची. दिवसातून चार वेळा. ते घातलं की बाहुली आवळून मोहरीएवढी व्हायची. मावशी सांगत होती, "आई तिन्हीसांजेला ओसरीवर बसायची आणि अजून उजेड असतानाच ओरडायची, दिवे लावा गं, दिवे का लावत नाही? आम्हाला वाटायचं, म्हातारपणी चिडखोर झालीय." आवळलेल्या बाहुलीतून संध्याकाळचा उजेड आत शिरत नव्हता. तिच्यापुरती रात्र झालेलीच असायची. थेंब घातल्यावर ती अर्धा तास कपाळ धरून बसायची. भुवयांच्या वर ठणका लागायचा, तोही त्या औषधाचाच. घरात सगळे म्हणायचे, सोंग करते. मग एक दिवस तिने बाटली अंगणातल्या तुळशीच्या मागे पुरून टाकली. मावशीने ती पुरताना पाहिली होती, कोणाला सांगितलं नव्हतं. डावा डोळा दोन वर्षांत गेला.

"मला तेव्हा वाटलं, बरं झालं, आईचं डोकं दुखायचं थांबलं," मावशी म्हणाली.

मी यावर खूप विचार केलाय. या दुखण्यात औषधाचा गुण कधीच जाणवत नाही. जाणवतो तो त्रासच. तापाची गोळी घेतली की घाम येतो, ताप उतरतो, जीव म्हणतो वा. काचबिंदूच्या थेंबाने नजर सुधारत नाही. गेलेली नजर येत नाही आणि असलेली राहिली हे काही अंगाला कळत नाही. कडेकडेने अंधार सरकत येतो आणि मेंदू तो अंधार भरून काढतो, म्हणून तोही दिसत नाही. आईला डाव्या डोळ्याने नाकाच्या बाजूचा एक तुकडा दिसत नाही. मशीनमध्ये हनुवटी टेकवून, ठिपका लुकलुकला की बटण दाबायचं, त्या तपासणीच्या कागदावर तो तुकडा काळा छापून येतो. आई तो कागद बघून म्हणाली होती, "पण मला तर सगळं दिसतंय." मग दोन बहिणी फोनवर थेंबांची तुलना करणार ती कशावरून? झोंबतं का, लाल होतं का, तोंड कोरडं पडतं का. जे अंगाला कळतं त्यावरूनच. डॉक्टर तुलना करतात ती दाबाच्या आकड्यांवरून आणि त्या काळ्या तुकड्यावरून. दोन्ही तुलना खऱ्या आहेत. आमच्या घरात त्या कधी एकमेकींना भेटल्याच नव्हत्या.

म्हणून दिवाळीनंतरच्या तपासणीला मी दोघींना एकत्र नेलं, आणि फोनवर त्या जे बोलायच्या ते सगळं वहीत लिहून नेलं. डॉक्टरांनी वही शांतपणे वाचली. मावशीने पूर्वी ब्रिमोनिडिन हा काचबिंदूचाच दुसरा एक थेंब घेतला होता, तेही त्यात होतं. त्याने तिला दुपारी पोथी वाचताना डुलक्या यायच्या, जीभ टाळूला चिकटायची, आणि वर्षभराने पापण्या सुजून खाजायला लागल्या. ते बंद करून टिमोलॉल दिलं गेलं, आणि ते तिला मानवलं. तिला दमा नाही, हृदयाचा त्रास नाही, नाडी चांगली आहे, दाब १४ वर स्थिर आहे. शिवाय ते स्वस्त. लॅटानोप्रोस्ट त्याच्या कितीतरी पटीने महाग, आणि न फोडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवावी लागते, फोडल्यावर २५ अंशांच्या आत ठेवून सहा आठवड्यांत टाकायची. गडहिंग्लजच्या उन्हाळ्यात, वीज जात-येत असताना, पेन्शनवर जगणाऱ्या बाईला हे सोपं नाही. ज्या औषधाने माझ्या आईचा जीव घाबरा केला, तेच माझ्या मावशीची नजर गेली सहा वर्षं राखून आहे. मला टिमोलॉलचा राग धरता येत नाही. मी प्रयत्न केला होता.

आईच्या औषधाबद्दलही मी बरंच वाचलं. ते प्रोस्टाग्लँडिनांच्या, म्हणजे शरीरातच तयार होणाऱ्या काही रसायनांच्या, घराण्यातलं. ही रसायनं डोळ्यात गेली की दाह होतो आणि दाब वाढतो, असं शास्त्रज्ञ कैक वर्षं मानत होते. लास्लो बिटो नावाच्या, हंगेरीतून १९५६ च्या उठावानंतर अमेरिकेत पळून आलेल्या माणसाने कोलंबिया विद्यापीठात हे उलटं करून दाखवलं. मात्रा अगदी कमी ठेवली तर दाब उतरतो. कम्युनिस्ट राजवटीने त्याला कोळशाच्या खाणीत राबवलं होतं. त्याच्या कामातून १९९६ मध्ये लॅटानोप्रोस्ट अमेरिकेत बाजारात आलं. खाणीच्या अंधारातून आलेल्या माणसाचं औषध आई रात्री घालते, हे मी तिला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "त्याला कोणीतरी सांगायला हवं होतं, की इथे चाललंय म्हणून." बिटो २०२१ मध्ये गेले.

लालीचं कारणही वहीमुळे निघालं. थोडी लाली औषधाचीच, पण बाटलीत औषध टिकावं म्हणून घातलेला बेन्झाल्कोनियम क्लोराइड हाही अनेकांच्या डोळ्यांना सोसत नाही. डॉक्टरांनी तो नसलेलं लॅटानोप्रोस्ट दिलं. पंधरा दिवसांत डोळे पुष्कळ निवळले. एवढं साधं होतं ते. "डोळे लाल होतात" हे वाक्य आई दोन वर्षं फक्त आक्काला सांगत होती, डॉक्टरांना नाही. का नाही सांगितलंस, तर म्हणाली, "त्यांना काय सांगायचं, बारीकसारीक." दाब १९ वरून अजून खाली हवा होता, म्हणून ब्रिन्झोलामाइड नावाचा दुसरा थेंब जोडला. एक मिलीमीटरने दाब उतरला तरी दुखणं पुढे सरकण्याचा धोका साधारण १० टक्क्यांनी कमी होतो, असं डॉक्टर म्हणाले. आधी सल्फाची ॲलर्जी आहे का हे त्यांनी विचारलं. या वेळी मी वही उघडून, आठवून, खात्री करून उत्तर दिलं. लेझरचाही विषय निघाला. काहींना त्याने थेंबाशिवाय कित्येक वर्षं काढता येतात. आईने वेळ मागून घेतलाय.

ब्रिन्झोलामाइड दुधाळ असतं, हलवून घालावं लागतं, आणि घातल्यावर थोडा वेळ धूसर दिसतं. पहिल्याच दिवशी ते घालून आई स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "तोंड कडू झालंय गं. मेथीसारखं." मी सांगणार होते की हा त्याचा नेहमीचा परिणाम आहे. पण ती ओट्याला टेकून उभी राहिली, जीभ टाळूला लावून पुन्हा एकदा ती चव बघितली, आणि हळूच म्हणाली, "म्हणजे डोळ्यात घातलेलं जिभेवर येतं. मग ते छातीत जाणारच की." हॉस्पिटलच्या बाकड्यावर मला जे तासभर मोबाइलवर वाचून कळलं होतं, ते तिला एका कडू चवीने कळलं. त्या दिवसापासून ती कोपरा दाबायला कधी विसरली नाही.

कोपरा दाबायचा म्हणजे थेंब घातल्यावर डोळे मिटायचे आणि नाकालगतचं ते बारीक छिद्र बोटाने दोन मिनिटं दाबून धरायचं. औषध डोळ्यातच राहतं, नाकात कमी उतरतं. थेंब एकच. बाटलीतून पडतो तो ३० ते ५० मायक्रोलीटरचा असतो आणि डोळ्यात जेमतेम ३० मावतात, दुसरा घातला तर गालावरच जातो. दोन औषधांत पाच मिनिटं जाऊ द्यायची. हे सगळं डॉक्टरांनी स्वतः करून दाखवलं, आधी आईच्या डोळ्यावर, मग मावशीच्या. मावशी इतकी वर्षं थेंब घालत होती आणि तिला हे कोणी सांगितलं नव्हतं. "दोन मिनिटं म्हणजे किती?" तिने विचारलं. घड्याळ बघायचं कसं, डोळे तर मिटलेले.

याचं उत्तर त्यांनी आपापसातच काढलं. मावशी गडहिंग्लजला परतली. तिच्या बाटलीला आता लाल धागा आहे, तिनेच बांधलाय, आणि जाताना आमच्या घरातल्या हिरव्या धाग्याची गाठ तिने दोनदा ओढून बघितली. साडेनऊला फोन वाजतो. जेवण, आजारपणं, लग्नं होतात. मग आई फोन स्पीकरवर टाकून स्टुलावर ठेवते, बाटली उचलते, धागा अंगठ्याने चाचपते, मान मागे टाकते. मी दारात उभी असते, पुढे जात नाही.

"घातलंस?"

"घातलं."

"कुठला?"

"माझाच."

"धर मग बोट." तिकडे तीही धरते. आणि साठ वर्षांपूर्वी एका पाटीवर दोघींनी गिरवलेले पाढे सुरू होतात, एकीने म्हणायचं, दुसरीने पुढे न्यायचं. एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. आईचा आवाज मध्ये कुठे अडत नाहीये ना, तेवढं मी ऐकत राहते.